जे थांबी ते

कार्तिक सरत आला होता. पारोळा-अमळनेर रस्त्यावरच्या एका फाट्यावर, कडुलिंबाच्या पाराशी मी गाडी उभी केली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. उन्हाला अजून धार आली नव्हती. दोन्ही बाजूंच्या शेतांत कापूस फुटून पांढरा झाला होता आणि वेचणीला निघालेल्या बायांनी भरलेले टेम्पो एकामागून एक समोरून जात होते. बरोबर माझी भाची होती. खेड्यांतल्या शाश्वत आणि पर्यायी वाहतुकीवर ती पीएच.डी.साठी संशोधन करते आहे. पुण्यात वाढल्यामुळे तिला अहिराणी समजते, पण बोलताना जीभ अडखळते. म्हणून दुभाष्या, चालक आणि मामा अशा तिन्ही नात्यांनी मी तिच्याबरोबर आलो होतो. तिच्याजवळ चाळीस छापील प्रश्नावल्या होत्या, प्रत्येकीत अठरा प्रश्न. पाराच्या एका कोपऱ्यावर सत्तरीच्या पुढची एक म्हातारी बसली होती. अंगावर विटलेले हिरवे लुगडे, कपाळावर मोठे गोंदण, मांडीला टेकवलेली युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी, आणि त्या पिशवीतून डोकावणारी भरताची हिरवी वांगी. पहिली प्रश्नावली तिचीच भरायची असे ठरले.

नाव, वय, गाव, शेती किती, घरात माणसे किती, इथपर्यंत सारे सुरळीत झाले. ती अमळनेरला लेकीकडे निघाली होती. डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते, तेही आणायचे होते. सातवा प्रश्न असा होता : आपण प्रवासासाठी मुख्यत्वे कोणते साधन वापरता? त्याखाली चौकोन होते. बस, रिक्षा किंवा जीप, स्वतःची दुचाकी, सायकल, बैलगाडी, पायी, इतर. मी ते सगळे तिला अहिराणीत सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले, रस्त्याच्या वळणाकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "जे थांबी ते, बेटा." भाचीला वाटले, तिला प्रश्न कळला नाही. मी तो पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारला. म्हातारीनेही उत्तर पुन्हा दिले, मात्र या वेळी आवाज किंचित चढवून, बहिऱ्या माणसाला सांगावे तसे. जे थांबेल ते. त्यात काय समजण्यासारखे नव्हते? भाचीचा पेन चौकोनांवर थोडा वेळ तरंगत राहिला आणि शेवटी तिने 'इतर'वर खूण केली.

अठरा प्रश्न संपायला पंचवीस मिनिटे लागली. तेवढ्यात एक भरलेली काळी-पिवळी जीप न थांबता गेली आणि एक रिक्षा थांबली, पण ती पारोळ्याकडे जाणारी होती. आमचे 'धन्यवाद' ऐकून म्हातारी उठली, पिशवी उचलून माझ्या गाडीपाशी गेली, ती बॉनेटवर ठेवली आणि मला म्हणाली, "मंग, निंघूत का?" मला क्षणभर काही सुचले नाही. तिच्या लेखी हिशेब सरळ होता. गाडी थांबली होती, गाडी रिकामी होती, गाडीवाल्याने तिची पंचवीस मिनिटे घेतली होती. मी तिला सांगितले की आम्हाला दुपारपर्यंत इथेच थांबायचे आहे, आणखी बऱ्याच लोकांना प्रश्न विचारायचे आहेत. ती रागावली नाही. "बरं" म्हणाली, पिशवी काढून घेतली आणि पाराच्या त्याच कोपऱ्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने दुधाचा एक टेम्पो थांबला, कोणीतरी वरून हात दिला आणि दोन कॅनच्या मधल्या जागेत ती बसून गेली. माझ्या बॉनेटवरच्या धुळीत तिच्या पिशवीच्या बुडाचा वाटोळा ठसा उरला होता.

गाडीत तीन जागा रिकाम्या होत्या, आणि अमळनेर तिथून अर्ध्या तासाच्या आत आहे.

माझ्या आजोबांकडे दमणी होती. हलकी, दोन बैलांची, वर कमानीचे छत आणि आत गवतावर अंथरलेली गोधडी. मी तिच्यात बसलो तो अगदी लहानपणी, चार-पाच वेळा असेन. पण तिच्या चाकांच्या लोखंडी धावेचा दगडावर होणारा आवाज आणि बैलांच्या पाठीवरचा तो उबदार, आंबूस वास आजही आठवतो. त्याहून जास्त आठवते ते आजोबांचे एक वागणे. वाटेत पायी चालणारे कोणीही दिसले की ते कासरा ओढायचे. ओळख लागत नव्हती, जात विचारली जात होती हे मी नाकारणार नाही, आणि त्या विचारण्यावरून कोणाला गोधडीवर आणि कोणाला मागच्या फळीवर बसवायचे हे ठरत असे, हेही खरेच आहे. मात्र रिकामी दमणी आणि डोक्यावर ओझे घेतलेला माणूस एकाच रस्त्याने एकाच दिशेला चालले आहेत, असे दृश्य त्यांना सहन होत नसे. लोक काय म्हणतील, एवढेच कारण ते देत. पुढे दमणी गेली, वडिलांची मोटारसायकल आली, मग माझी गाडी आली. गाडीच्या काचा वर असतात, कारण आत गार हवा असते, आणि खानदेशातल्या मे महिन्यात ती काच कोणासाठी खाली करणे हा एक निर्णय असतो. बैलाच्या चालीने जाणाऱ्याला पायी माणसाचा चेहरा दिसतो. ताशी सत्तरच्या वेगाला तो दिसेपर्यंत मागे पडलेला असतो. हे मी स्वतःच्या समर्थनासाठी लिहीत नाही. निदान तसे वाटू नये अशी इच्छा आहे.

दमणी आणि मोटारसायकल यांच्या मधली सारी वर्षे मुक्कामी गाडीची होती. संध्याकाळी सातच्या सुमारास ती लाल बस गावात शिरायची, मारुतीच्या देवळासमोर वळसा घ्यायची आणि रात्रभर तिथेच उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टरची पथारी देवळाच्या ओट्यावर पडे. त्यांच्या जेवणाच्या पाळ्या ठरलेल्या नसल्या तरी कोणाच्या ना कोणाच्या घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा जात असे. पहाटे पाचला इंजिन सुरू होई आणि त्याच्या घरघरीने अर्धे गाव उठे. ज्यांना कुठेही जायचे नव्हते, तेही उठत. आमच्या घरात घड्याळ होते, पण आई वेळ सांगताना "गाडी गेल्यावर", "गाडी येण्याच्या आधी" असेच बोलायची. ती गाडी बंद झाली त्याला आता बरीच वर्षे झाली. गावात मोटारसायकली वाढल्या, बसमधली माणसे घटली, माणसे घटली म्हणून फेऱ्या घटल्या आणि फेऱ्या घटल्या म्हणून आणखी माणसे घटली. भाची सांगते की जगभरच्या ग्रामीण बससेवा याच चक्रात सापडलेल्या आहेत आणि संशोधकांनी त्याला रीतसर नावही दिलेले आहे. नाव असल्याचे ऐकून मला उगाच थोडे बरे वाटले.

त्या गाडीतून केवळ माणसे जात नव्हती. जळगावला, धुळ्याला खोली करून शिकणाऱ्या मुलांचे डबे तिच्यातूनच जायचे. मीही दोन वर्षे असा डबा खाल्ला आहे. स्टँडवर गाडी लागली की आम्ही दहा-बारा मुले मागच्या दाराशी जमायचो आणि कंडक्टर एकेक डबा खाली द्यायचा. कापडात बांधलेले, ऑइल पेंटने नाव घातलेले डबे. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या बसमध्ये तीन तास काढल्यामुळे मेथीच्या भाजीला आणि शेंगदाण्याच्या चटणीला डिझेलचा एक पुसट वास लागलेला असे. आजही पेट्रोल पंपावर उभा असलो की मला भूक लागते, हे कोणाला सांगून पटत नाही. डब्याच्या झाकणात कधी पन्नासची नोट असायची, कधी आईची चिठ्ठी. दुपारच्या गाडीने रिकामा डबा परत जायचा आणि तो रिकामा परत आला यावरून आईला कळायचे की मुलगा ठीक आहे. भाचीच्या सातव्या प्रश्नात डब्यासाठी चौकोन नाही. तसा तो असावा असेही मी म्हणणार नाही, कारण प्रश्नावलीला कुठेतरी थांबावेच लागते. पण एखाद्या गावाची बस बंद होते तेव्हा नेमके काय बंद होते, हे प्रवाशांच्या संख्येवरून कळत नाही, एवढे मात्र मी तिला सांगितले.

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी 'पीजे' ही छोटी रेल्वेगाडीदेखील अशीच. छप्पन्न किलोमीटरचा अडीच फुटी रूळ, सुमारे शंभर वर्षे चाललेली गाडी. शेंदुर्णी, पहूर अशी तिची लहान लहान स्थानके, आणि खिडकीतून हात काढला तर तुरीच्या शेंगा तोडता याव्यात इतकी शेते जवळ. २०२० च्या मार्चमध्ये देशातल्या सगळ्या गाड्या थांबल्या तेव्हा तीही थांबली. इतर गाड्या सुरू झाल्या, ती झाली नाही. आता तो मार्ग रुंद करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याचे काम मंजूर आहे आणि ते व्हावेच. बोदवडला मुख्य रेल्वेमार्ग मिळेल, माल जाईल, गाडी वेगाने धावेल. परंतु जुन्या गाडीने रोज दही, पेरू आणि कोथिंबीर विकायला नेणाऱ्या बाया मधल्या काळात कशाने जात असतील, हा विचार मनात येतो. बहुधा जे थांबत असेल त्याने.

रस्त्यांचे म्हणाल तर आमच्या लहानपणापेक्षा ते कितीतरी चांगले आहेत. २००० च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली. सपाट प्रदेशात पाचशे आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता जोडायचा, असा तिचा निकष होता. त्या योजनेने देशाचा नकाशा खरोखर बदलला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवरून बाळंतिणीला खाटेवर घालून नेणारी माणसे मी पाहिलेली आहेत. त्यामुळे डांबराला नावे ठेवणाऱ्यांशी माझे कधीच जमत नाही. पण रस्ता म्हणजे वाहन नव्हे, ही गोष्ट आम्हाला उशिरा कळली. रस्ता आला की ज्याच्याकडे मोटारसायकल घेण्याची ऐपत आहे त्याचे गाव तालुक्याच्या जवळ येते. ज्याच्याकडे ती नाही, त्याचे गाव पूर्वी होते तिथेच राहते, उलट थोडे लांबच जाते. कारण ऐपतवाले निघून गेल्यावर बससाठी ओरडायला मागे उरतात ती म्हातारी माणसे, शाळकरी मुली आणि मजूर बाया, आणि त्यांचे ओरडणे कोणाला ऐकू जात नाही.

उरलेली पोकळी काळ्या-पिवळ्यांनी, अ‍ॅपे रिक्षांनी आणि छोट्या टेम्पोंनी भरली. त्यांना आपण सरसकट 'अवैध वाहतूक' म्हणतो, पण त्यातला अवैधपणा मोठा गमतीदार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन परवाने वेगळे आहेत. कंत्राटी वाहतुकीच्या परवान्यावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरवून माणसे नेता येतात; वाटेत थांबून, माणसागणिक भाडे घेऊन चढ-उतार करायची असेल तर टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. म्हणजे फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला जी एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे वाटेत थांबणे, नेमका तोच त्या जीपवाल्याचा गुन्हा असतो. नऊ जणांच्या जागेत सोळा जण कोंबणे आणि टपावर आणखी चार बसवणे हाही गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. अशा गाडीत मी बसलेलो आहे. एकाच्या मांडीवर अर्धा, दुसऱ्याच्या कोपराखाली मान, आणि ड्रायव्हर दाराबाहेर अर्धा लोंबकळत गिअर बदलतो आहे. गाडी कलंडली तर आपण कोणत्या बाजूला असू, याचा हिशेब करण्यात प्रवास संपतो.

त्या सकाळी आमच्यासमोरून गेलेले वेचणीचे टेम्पो तर कोणत्याच मोजणीत बसत नाहीत. भाचीने मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी खरोखर थक्क झालो. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला किती लांब आणि कशाने जातात हे विचारले गेले. मात्र ते शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विचारले गेले नाही. इतर कामगारांपुरताच तो प्रश्न होता. शेतात काम करणारा माणूस घराच्या दारातच काम करतो, असे गृहीत धरले गेले असावे. कापूस निंदायला आणि वेचायला दहा-पंधरा किलोमीटरवरून टेम्पोत उभ्याने येणाऱ्या, भाकरीची फडकी कमरेला बांधलेल्या, येताना ओव्या गाणाऱ्या आणि जाताना पेंगणाऱ्या त्या शेकडो बाया जनगणनेच्या लेखी कुठेच जात नव्हत्या. टांझानियात, माकेटे नावाच्या जिल्ह्यात, १९८० च्या दशकात असाच शोध लागला होता. ग्रामीण वाहतूक म्हणजे मोटारी आणि महामार्ग असे धरून गेलेल्या अभ्यासकांना घरोघर जाऊन मोजल्यावर दिसले की खेड्यातली बहुतेक वाहतूक मोटारीच्या रस्त्यावर होतच नाही. ती पायवाटांवर होते, बायकांच्या डोक्यावरून होते, आणि तिच्यात पाणी, सरपण आणि दळण असते. भाची हे सांगत होती तेव्हा समोरून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. आम्ही दोघेही गप्प झालो. योगायोग इतका नेमका असला की संकोच वाटतो.

दहाच्या सुमारास दप्तर घेतलेली एक मुलगी आली. बारावीत, विज्ञान शाखा. तिला सातवा प्रश्न विचारला आणि भाचीने थोड्या उत्साहाने म्हातारीचे उत्तर सांगून पाहिले : तूही जे थांबेल त्याने जातेस का? मुलीने मान हलवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "एसटी ऊनी ते जास, नहीं ते घर शे." बस आली तर जाते, नाहीतर घर आहेच. मग तिने मराठीत खुलासा केला. जीपमध्ये ओळखीची बाई असेल तरच बसायचे, दुचाकीवर कोणी विचारले तर खाली पाहायचे, आणि सकाळची बस चुकली तर परत फिरायचे, असा घरचा नियम आहे. गेल्या महिन्यात सहा दिवस परत फिरले, असेही ती म्हणाली, बोटांवर मोजून. म्हातारीच्या उत्तरावर तोपर्यंत मी मनातल्या मनात लुब्ध झालो होतो, त्यात मला खेड्यातला विश्वास, माणुसकी वगैरे बरेच काही दिसू लागले होते. ते सगळे त्या मुलीच्या एका वाक्याने खाली बसले. सत्तरीनंतर जे थांबेल त्यात बसता येते. सतराव्या वर्षी जे थांबते त्याचीच भीती असते.

त्या दुपारी, पाराखाली बसून डबा खाताना, भाचीने प्रश्नावलीच्या तळाला पेनाने एकोणिसावा प्रश्न लिहिला : गेल्या महिन्यात कुठे जायचे होते, पण गेला नाहीत?

या प्रश्नाला पुरुषांची उत्तरे एका शब्दात येत होती. "कुठेच नाही." त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मागे मोटारसायकल उभी होती. बाया मात्र थांबत होत्या. आधी त्याही 'काही नाही' म्हणत, मग पदर सारखा करत, मग एखादे नाव निघे. माहेरी भावाच्या नातवाचे जावळ होते. चष्म्याचा नंबर बदलायचा होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती. बहिणीला बघायला जायचे होते, आणि ती आता नाही. हे शेवटचे उत्तर देणाऱ्या बाईने ते इतक्या सपाट आवाजात दिले की भाचीने आधी लिहून टाकले आणि मग तिच्या लक्षात आले. असे न झालेले प्रवास कोणत्या रस्त्यावर उभे राहून मोजणार? वाहतुकीचे अभ्यासक त्याला सुप्त मागणी म्हणतात. सुप्त म्हणजे झोपलेली. पण त्या बायांकडे पाहून ती झोपलेली आहे असे वाटत नव्हते, दारात चपला घालून उभी आहे असे वाटत होते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, तेव्हा हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतरच्या काही दिवसांत अमळनेरच्या स्टँडवर एकेकट्या, दोघी-दोघी, केवळ जाऊन येण्यासाठी निघालेल्या बाया मी पाहिल्या. माझ्या ओळखीचे काही पुरुष तेव्हा चेष्टेने म्हणत, की यांना आता घरात करमत नाही. इतकी वर्षे त्यांना करमत होते का, हे कोणी कोणाला विचारले होते?

सायकलीचेही तसेच. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून तिचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त दिसला, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकली मिळतात आणि त्याच्या निळ्या बस फाट्याफाट्यावरून मुली उचलतात. सायकलीचे कौतुक मला पूर्ण मान्य आहे, तरी आमच्या काळ्या मातीबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. आषाढात शिवाराच्या वाटेवर सायकल घातली की शंभर पावलांत चिखल मडगार्डमध्ये गच्च भरतो, चाक फिरायचे थांबते, आणि मग बाभळीची काडी घेऊन तो कोरत बसावे लागते. माझा बराचसा नववीचा पावसाळा चिखल कोरण्यात गेला; शेवटी मी मडगार्डच काढून टाकले आणि दोन महिने पाठीवर चिखलाचा एक उभा पट्टा घेऊन वर्गात बसलो. मुलीला ते चालले असते का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

परतीच्या वाटेवर भाची जर्मनीबद्दल सांगत होती. तिथल्या विरळ वस्तीच्या भागांत 'ब्युर्गरबुस' म्हणून नागरिकांनीच चालवलेल्या लहान बस आहेत. आठ प्रवाशांची गाडी, निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमन आठवड्यातून एक दिवस ती बिनपगारी चालवतो. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. काही खेड्यांत रस्त्याच्या कडेला एक बाक ठेवलेले असते. त्यावर बसलेला माणूस म्हणजे लिफ्ट हवी असलेला माणूस. शेजारच्या पाट्यांतून हव्या त्या गावाची पाटी तो वर करतो आणि जाणारी मोटार थांबते. मी म्हणालो, हा तर आपला पार झाला. ती हसली आणि म्हणाली, "पार आहे मामा, पण तिथल्या बाकासमोर गाडी थांबते का, हेच तर मोजायचे असते. बाक ठेवणे सोपे आहे." ती कोणाला उद्देशून बोलत नव्हती. मी आरसा नीट केला, उगाचच.

नर्मदाकाठच्या, सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या गावांचाही विषय निघाला. बुडितात आलेली महाराष्ट्रातली तेहेतीस गावे, उरलेल्या पाड्यांकडे बोटीने जाणारा तरंगता दवाखाना, आणि किनाऱ्यापासून वर डोंगरात बांबूला बांधलेल्या झोळीतून होणारी रुग्णांची ने-आण. तिथे 'जे थांबेल ते' असे म्हणायलाही रस्ता लागतो. भाचीला पुढच्या टप्प्यात तिकडे जायचे आहे. तिकडची भिली मला येत नाही, म्हणून दुभाष्याच्या कामातून मी सुटलो.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी मी एकटाच अमळनेरहून येत होतो. फाट्यावर तीन बाया उभ्या होत्या, पायाशी एक गोणी. बॉनेट मी केव्हाच धुतले होते, पण तो वाटोळा ठसा डोळ्यांसमोर आला आणि मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. कुठे जायचे विचारले. पारोळा. "बसा," मी म्हणालो. त्यांच्यापैकी थोराड बाईने गाडीच्या पांढऱ्या पाटीकडे पाहिले, मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिले आणि विचारले, "कितला लेशात?" मी म्हणालो, काही नको. तिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि नकळत अर्धे पाऊल मागे सरकल्या. थोराड बाईचा हात गोणीवरून उचलला गेला होता, तो परत गोणीवर गेला. जो माणूस थांबतो आणि पैसे घेत नाही, तो कशासाठी थांबला आहे, हे त्यांना कळत नव्हते. आणि ते त्यांना कसे पटवावे, हे मला कळत नव्हते. दमणीवाल्या आजोबांना ही अडचण कधी आली नसणार. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला. मी म्हणालो, "ईस रुपया."

खाजगी गाडीत भाडे घेऊन प्रवासी बसवणे कायद्याने गुन्हा आहे. त्या क्षणी मात्र तिघींच्याही चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. थोराड बाईने गोणी उचलून मांडीशी घेतली, तरी दाराला हात घालण्याआधी थांबली आणि म्हणाली, "काळी-पिवळीवाला पंधरा लेस."

मी पंधरावर आलो.